सांध्याजवळची टणक गाठ कॅन्सरची आहे की कॅल्शियमची? स्कॅनमध्ये काय दिसतं?

खुबा, कोपर किंवा खांद्याजवळ एक टणक गाठ येते. सुरुवातीला ती दुखत नाही, पण हळूहळू वाढत जाते. एक्स-रेमध्ये तिथे पांढराशुभ्र गोळा दिसतो आणि घरच्यांच्या मनात पहिला शब्द येतो तो कॅन्सर. दर वेळी तसं नसतं. काही जणांमध्ये तो सांध्याभोवतीच्या मऊ ऊतींमध्ये साठलेला कॅल्शियम फॉस्फेटचा साठा असतो. या दुर्मीळ विकाराला 'ट्युमरल कॅल्सिनोसिस' म्हणतात. १९४३ मध्ये क्यूबातले अस्थिरोगतज्ज्ञ अल्बर्टो इन्क्लान यांच्या लेखामुळे हे नाव रूढ झालं. नावात ट्यूमर असला तरी हा ट्यूमर नाही. त्या अर्थाने नाव फसवंच आहे.

एक्स-रेमध्ये हा साठा सलग दिसत नाही. लहान-मोठे पांढरे गोळे एकमेकांना चिकटलेले आणि त्यांच्यामध्ये बारीक काळ्या रेषा. सीताफळाचे डोळे आठवा, साधारण तसंच. सर्वांत महत्त्वाची खूण मात्र शेजारच्या हाडात असते. एवढा मोठा गोळा असूनही हाड बहुतेक वेळा शाबूत असतं. हाड कुरतडलेलं दिसलं, तर डॉक्टर वेगळी शंका घेतात.

सीटी स्कॅनमध्ये आणखी एक गोष्ट दिसू शकते. चुना पाण्यात कालवून ठेवला की चुना तळाशी बसतो आणि वर निवळी राहते. गाठीतल्या पोकळ्यांमध्येही असाच दुधट द्रव असतो. रुग्ण आडवा झाला की त्यातलं कॅल्शियम खाली बसतं आणि स्कॅनमध्ये सरळ आडवी रेषा उमटते. ही रेषा निदानाला मोठा आधार देते. एमआरआय नसा किंवा स्नायूंवर दाब आहे का हे दाखवतो, पण कॅल्शियम ओळखण्यात तो सीटीइतका चांगला नाही. शरीरात इतरत्रही साठे आहेत का, हे बोन स्कॅनमधून कळतं.

मग फक्त स्कॅन पुरेसा आहे का?

नाही, आणि घोळ बहुतेक इथेच होतो. दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्या रुग्णांमध्येही एक्स-रेवर हुबेहूब असंच चित्र दिसतं. म्हणून रक्तातलं फॉस्फेट, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासावं लागतं. मूत्रपिंडं चांगली आहेत, कॅल्शियम साधारण आहे, पण फॉस्फेट वाढलंय, असं असेल तर आनुवंशिक प्रकाराचा संशय येतो. एफजीएफ-२३ हे हार्मोन मूत्रपिंडाला जास्तीचं फॉस्फेट लघवीवाटे बाहेर टाकायला सांगतं. जनुकातल्या दोषामुळे हा निरोप पोहोचत नाही आणि फॉस्फेट रक्तात साचतं. अनेकदा हा प्रकार लहानपणी किंवा तरुणपणीच लक्षात येतो. काहींमध्ये मात्र फॉस्फेटही साधारण असतं.

सायनोव्हियल सार्कोमा या कॅन्सरच्या गाठीतही कॅल्शियम दिसू शकतं. त्यामुळे चित्र नेहमीसारखं नसेल, तर बायोप्सी टाळून चालत नाही. उलट चित्र स्पष्ट असताना घाईने सुई टोचली, तर जखम लवकर न भरण्याची आणि जंतुसंसर्गाची भीती असते.

उपचारही कारणानुसार बदलतात. आनुवंशिक प्रकारात फॉस्फेट कमी करणारा आहार आणि औषधं देतात. गाठ हालचालीला अडथळा करत असेल, तर शस्त्रक्रिया होते, पण थोडा भाग जरी मागे राहिला तरी ती पुन्हा वाढू शकते. डायलिसिसच्या रुग्णांमध्ये फॉस्फेट आटोक्यात आल्यावर किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर काही वेळा गाठ आपोआप विरघळते. हा बदल टिपायला साधा एक्स-रे पुरतो.