टीसीवर फक्त ‘मुस्लिम’? ओबीसी दाखल्याची तयारी आधीच करा

सरकारी भरतीची जाहिरात आली की आपल्या घरांत दाखल्यांची धावपळ सुरू होते. पण जुने पुरावे आठ दिवसांत सापडत नाहीत.

मुस्लिम हा धर्म आहे, जात नाही. २०१४ चा ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश टिकला नाही. मात्र मोमीन, बागवान, पिंजारी, अत्तार, तांबोळी असे अनेक समाज राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. सवलत मिळते ती या नोंदीवर.

पुरावा : १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. वडील, आजोबा, चुलते यांचा शाळेचा निर्गम उतारा किंवा महसुली नोंद शोधा. मराठवाड्यात निजामकाळातील नोंदी उर्दूत असतात. त्यांचे भाषांतर जोडा.

कुठून : जात प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. त्या तारखेला कुटुंब जालना किंवा बीडला राहत असेल, तर अर्ज तिथेच करावा लागतो, छत्रपती संभाजीनगरात नाही.

नॉन-क्रिमीलेयर : उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. दाखल्याची मुदत पाहा.

पडताळणी : राज्याच्या राखीव जागेसाठी जिल्हा जात पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्र लागते. घरात वडिलांकडच्या कुणाकडे ते असेल तर काम सोपे होते.

केंद्राची नोकरी : यादी वेगळी, नमुनाही वेगळा. आपली जात तिथे आहे का, ते आधी तपासा.

मूल शाळेत आहे तोवरच जातीची नोंद नीट करून घ्या. टीसी हातात पडल्यावर दुरुस्ती फार अवघड जाते, हे आम्ही पुन्हा पुन्हा पाहतो.