हृद्रोग, जपानी वृद्ध पुरुषांतील

हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या अरुंद झाल्याने वा बंद पडल्याने जडणाऱ्या विकारास हृदयरोहिणी विकार म्हणतात. औद्योगिक देशांत जपानी पुरुषांमध्ये या विकाराने होणारे मृत्यू दीर्घकाळ सर्वांत कमी राहिले आहेत. १९५८ मध्ये अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक अॅन्सेल कीज यांच्या सात देशांच्या पाहणीत क्यूशू बेटावरील तानुशिमारू या शेतकरी गावातील पुरुषांच्या रक्तात कोलेस्टेरॉल (रोहिणीच्या भित्तीत साचणारा मेदसदृश पदार्थ) दर १०० मिलिलिटरमागे सु. १५० मिलिग्रॅमच आढळले. त्या पिढीचा खरा शत्रू मेंदूचा पक्षाघात होता. मीठ घातलेले मासे, लोणची आणि मिसो (आंबविलेल्या सोयाबीनचा खारट लगदा) यांच्या आहारामुळे रक्तदाब चढा राही आणि १९५१ ते १९८० या काळात पक्षाघात हेच देशातील मृत्यूचे पहिले कारण होते.

हृदयरोहिणी विकारापासूनची ही सुरक्षितता वंशामुळे नव्हती, हे स्थलांतरितांनी दाखवून दिले. जपान, होनोलुलू आणि सॅन फ्रान्सिस्को येथील जपानी वंशाच्या पुरुषांची तुलना केली असता हृदयरोहिणी विकार जपानमध्ये सर्वांत कमी, हवाईत त्याहून अधिक आणि कॅलिफोर्नियात सर्वाधिक आढळला.

पुढे जपानमध्येही मांस, दूध व तेल यांचा वापर वाढला आणि तानुशिमारूतील कोलेस्टेरॉलची सरासरी १९९९ पर्यंत १९० मिलिग्रॅमच्या वर गेली. तरीही या विकाराचा वयानुसार समायोजित मृत्युदर, म्हणजे लोकसंख्येतील वृद्धांच्या वाढत्या प्रमाणाचा परिणाम वगळून काढलेला दर, १९७० नंतर घटत गेला. याचे श्रेय मुख्यतः रक्तदाबाच्या नियंत्रणाला द्यावे लागते. मिठाविरुद्धच्या मोहिमा, १९६१ पासूनचा सार्वत्रिक आरोग्यविमा आणि गावोगावच्या तपासण्या यांमुळे वृद्धांचा रक्तदाब उतरला. १९६०च्या दशकात ८० टक्क्यांहून अधिक पुरुष धूम्रपान करीत, ते प्रमाण २०१९ मध्ये सु. २७ टक्क्यांवर आले. मधुमेह आणि पोटाचा वाढता घेर हे मात्र नवे घटक ठरले असून २००८ पासून ४० ते ७४ वर्षे वयोगटाच्या विशेष तपासणीत पुरुषांसाठी कंबरेची मर्यादा ८५ सेंमी. ठेवली आहे.

वार्धक्यात या घटकांचा अर्थ पालटतो. होनोलुलू येथील ७१ ते ९३ वर्षे वयाच्या जपानी वंशाच्या ३,५७२ पुरुषांच्या पाहणीत, ज्यांचे कोलेस्टेरॉल वर्षानुवर्षे कमी राहिले त्यांच्यात एकूण मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. यावरून कोलेस्टेरॉल वाढवावे असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल, कारण अशक्तता व सुप्त आजार यांमुळेही ते घटते. तरुणांचे निकष वृद्धांना सरसकट लावू नयेत, एवढेच त्यातून दिसते.

आकडे वाचताना एक सावधगिरी आवश्यक आहे. १९९५ पूर्वी वृद्धांच्या मृत्यूच्या दाखल्यावर अंतिम कारण म्हणून ‘हृदय निकामी होणे’ असे सर्रास लिहिले जाई. दाखल्याचा नवा नमुना व रोगांचे नवे वर्गीकरण आल्यावर ती नोंद टाळण्याची सूचना झाली आणि हृद्रोगाचे आकडे एकदम खाली आले. १९९५ व १९९६ ही वर्षे वगळता १९८५ पासून हृद्रोग हे जपानमधील मृत्यूचे दुसरे कारण असून, समायोजित दर घटला असला तरी समाज वृद्ध होत असल्याने स्त्री-पुरुष मिळून दरवर्षी दोन लाखांहून अधिक मृत्यू त्यामुळे होतात.