संमिश्र रचनांतील गुप्त हानी आणि प्रकाशतंतू

कार्बनतंतू व राळ यांचे थर एकावर एक बसवून केलेल्या संमिश्र फलकावर एखादे जड हत्यार पडले, तर पृष्ठभागावर पुष्कळदा नाममात्रच खूण उमटते. आत मात्र थर परस्परांपासून सुटलेले असतात व दाब सोसण्याची फलकाची शक्ती बरीच घटलेली असते. धातूच्या पत्र्याला पोचा पडतो व तो दिसतो. येथे हानी गुप्त राहते. तिच्या शोधार्थ प्रकाशतंतूंचा जो उपयोग झाला, त्याच्या इतिहासात दोन भिन्न कल्पना आढळतात.

१९७० साली कॉर्निंग कंपनीत मॉरर, केक व शुल्ट्झ यांनी किलोमीटरला २० डेसिबेलहून कमी क्षय असलेला काचतंतू सिद्ध केला. त्याचे प्रयोजन संदेशवहन हे होते. तंतू वाकला वा ताणला गेला की त्यातील प्रकाश बदलतो. संदेशवहनात हा दोष, परंतु मापनात हाच गुण होय.

पहिली कल्पना सरळ होती. तंतू थरांमध्ये पुरावा. आघाताने तो तुटला की प्रकाश तेथेच सांडतो आणि हानीचे स्थान कळते. टोरांटो विद्यापीठात रेमंड मेझर्स व त्यांचे सहकारी यांनी १९८० नंतरच्या दशकात या दिशेने मोठे काम केले. तथापि असा साक्षी एकदाच बोलतो आणि त्यानंतर कायमचा मूक होतो.

दुसऱ्या कल्पनेत तंतू अभंग राहतो. प्रकाशाने तंतूच्या गाभ्यातच जालक कोरता येते, हे केनेथ हिल यांच्या गटाला १९७८ साली ओटावा येथे आढळले. १९८९ साली मेल्ट्झ, मोरी व ग्लेन यांनी बाजूने अतिनील किरण टाकून हवे ते जालक घडवले. असे ब्रॅग जालक एकच तरंगलांबी परावर्तित करते. १५५० नॅनोमीटरच्या आसपास लांबीत दशलक्षांश वाढ झाली, की ही तरंगलांबी सुमारे १.२ पिकोमीटरने सरकते. १९९३ साली कॅलगरीतील बेडिंग्टन ट्रेल पुलाच्या कार्बन-संमिश्र ताणतारांवर अशी जालके बसवण्यात आली.

परंतु येथेच मूळ प्रश्न उभा राहतो. जालक ताण मोजते, हानी नव्हे. तापमान एक अंशाने वाढले तरी तरंगलांबी सुमारे १० पिकोमीटरने सरकते. शिवाय १२५ मायक्रोमीटर व्यासाचा तंतू जवळजवळ एका थराइतका जाड असल्याने त्याच्याभोवती नुसती राळ साचते. म्हणजे शोधक स्वतःच दुर्बलतेचे कारण ठरू शकतो. टोकियो विद्यापीठात ताकेदा यांच्या गटाने ४० मायक्रोमीटर व्यासाचे तंतू वापरले, ते याच कारणास्तव. थरात भेगा पडल्या की जालकावरील ताण विषम होतो आणि परावर्तित वर्णपट रुंदावतो, हेही त्यांनी दाखवले. तेव्हापासून वर्णपटाच्या स्थानाबरोबर त्याच्या आकारासही महत्त्व आले.

सारांश, तंतू देतो ती साक्ष होय, निर्णय नव्हे. हानीचे अनुमान अभियंत्यालाच करावे लागते, आणि जालकापासून दूर घडलेली हानी त्या साक्षीत येईलच असे नाही.