चुंबकसूचीने पकडलेला खुनी

लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात लाकडी पेटीचे एक जुने तारायंत्र आहे. तबकडीवर दोन सुया, खाली दोन मुठी. विल्यम कूक आणि चार्ल्स व्हीटस्टन या जोडीच्या बनावटीचे हे यंत्र. विज्ञानाच्या इतिहासात त्याला स्थान आहेच. पण सामान्य माणूस त्याच्यापुढे थबकतो तो एका खुनाच्या हकीकतीमुळे.

यंत्रामागचे तत्त्व आपण वर्गात शिकवतोच. तारेतून विद्युतप्रवाह गेला की जवळची चुंबकसूची वळते आणि प्रवाहाची दिशा उलटली की सूचीही उलट बाजूला वळते, हे १८२० साली अर्स्टेडने दाखवले. एका स्टेशनावर मूठ डावीकडे किंवा उजवीकडे फिरवायची, की दुसऱ्या स्टेशनावरची सूची तशी झुकते. कोणती सूची, कोणत्या बाजूला, किती वेळा झुकली, यावरून अक्षर ओळखायचे. पॅडिंग्टन ते स्लाऊ अशी सुमारे २९ किलोमीटरची तार १८४३ मध्ये पुरी झाली. लोक एक शिलिंग मोजून हे नवल पाहायला येत. रेल्वे कंपनीला मात्र त्याचा फारसा उत्साह नव्हता.

१ जानेवारी १८४५ च्या संध्याकाळी स्लाऊजवळच्या सॉल्ट हिल येथे सेरा हार्ट ही स्त्री आपल्या घरात तडफडून मेली. कण्हणे ऐकून धावलेल्या शेजारणीला फाटकापाशी क्वेकर पंथाच्या वेषातला एक गृहस्थ लगबगीने जाताना दिसला. तो जॉन टॉवेल. एके काळचा औषधविक्या, बनावट कागदपत्रांच्या गुन्ह्यासाठी ऑस्ट्रेलियात हद्दपार झालेला, पुढे पैसा मिळवून प्रतिष्ठित बनलेला. सेरा ही त्याच्या घरची पूर्वीची नोकर आणि त्याच्या दोन मुलांची आई. तिला द्याव्या लागणाऱ्या आठवड्याच्या एका पौंडाचा त्याला जाच वाटू लागला होता.

टॉवेल ७ वाजून ४२ मिनिटांच्या गाडीने लंडनला निघाला. धावत्या आगगाडीला गाठील असा घोडा जगात नव्हता. एरवी तो लंडनच्या गर्दीत नाहीसाच झाला असता. पण स्टेशनवरून त्याचे वर्णन तारेने पुढे गेले: पायघोळ कोट, पहिल्या वर्गाचा डबा, क्वेकरचा वेष. येथे एक गंमत झाली. या यंत्राच्या लिपीत इंग्रजी 'क्यू' हे अक्षरच नव्हते! म्हणून 'क्वेकर' हा शब्द 'के' आणि 'डब्ल्यू'ने सुरू करून पाठवला गेला. पलीकडचा कारकून गोंधळला आणि तो शब्द त्याने पुन:पुन्हा मागवला, असे सांगतात.

पॅडिंग्टनला रेल्वे पोलिसातील सार्जंट विल्यम्सने गणवेषावर साधा कोट चढवला आणि टॉवेल ज्या घोड्यांच्या बसमध्ये चढला तीच पकडली. उतरताना टॉवेलने त्याला कंडक्टर समजून भाड्याचे पैसेही दिले! दुसऱ्या दिवशी त्याला अटक झाली. आपण काल लंडन सोडलेच नव्हते, असे तो छातीठोकपणे म्हणाला.

तारेने माणूस पकडून दिला. गुन्हा सिद्ध करायचे काम रसायनशास्त्राचे होते. प्रेताच्या जठरात प्रुसिक आम्ल, म्हणजे हायड्रोजन सायनाइड, सापडले. वकील फिट्झरॉय केली यांनी बचाव मांडला की सेराने सफरचंदे खाल्ली होती आणि सफरचंदाच्या बियांतही हे विष असते. बचाव पोकळ असला तरी खोटा नव्हता. बियांत अमिग्डॅलिन असते आणि बिया चिरडल्या की त्यातून हे आम्ल सुटते. पण किती? प्रश्न तिथेच होता. चार-दोन बिया न चावता गिळल्याने कोणी मरत नाही. शिवाय टॉवेलने हेच आम्ल लंडनच्या दुकानातून विकत घेतल्याचा पुरावा पुढे आला. (वर्गात 'आहे की नाही' आणि 'किती आहे' यांतला फरक समजावताना हे उदाहरण वापरून पाहावे. मुले ते विसरत नाहीत.) केली यांना मात्र 'सफरचंदाच्या बियांचा केली' हे टोपणनाव जन्मभर चिकटले.

२८ मार्च १८४५ रोजी एल्सबरी येथे टॉवेलला फाशी झाली. त्याआधी त्याने गुन्हा कबूल केला होता. खटल्याच्या बातम्यांनी तारायंत्र घरोघरी पोचले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये इलेक्ट्रिक टेलिग्राफ कंपनी कायद्याने स्थापन झाली. स्लाऊच्या रुळांवरून जाणारे प्रवासी खांबांवरच्या तारांकडे बोट दाखवून म्हणत, टॉवेलला लटकवणारे दोर ते हेच.