दर्या, दऱ्या आणि पोका-योके

चाकण, भोसरी किंवा तळवड्याच्या ऑटो-पार्ट्स कारखान्यात ‘पोका-योके’ हा शब्द नव्या ट्रेनीलाही लवकर कळतो. फिक्स्चरवर एक छोटी पिन बसवली की पार्ट उलटा बसतच नाही. रात्रपाळी असो, ऑपरेटर दमलेला असो, चुकायची वाटच बंद.

ही पद्धत जपानच्या शिगेओ शिंगो यांची. १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कारखान्यात एका स्विचमध्ये दोन स्प्रिंगा घालायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. ‘नीट लक्ष द्या’ असं बजावून उपयोग होत नव्हता. शिंगोंनी एक ताटली ठेवायला लावली. आधी दोन स्प्रिंगा ताटलीत काढायच्या, मग बसवायच्या. ताटलीत एक उरली, तर चूक तिथल्या तिथे कळते. सुरुवातीला याचं नाव होतं ‘बाका-योके’. बाका म्हणजे मूर्ख. १९६३ मध्ये एका कारखान्यातली कामगार बाई ‘मी काय मूर्ख आहे?’ म्हणून रडली, तेव्हा शिंगोंनी ‘बाका’चं ‘पोका’ केलं. पोका म्हणजे नकळत झालेली चूक. दोष माणसावरून उठून कामाच्या रचनेवर आला.

यूएक्स डिझायनर सॉफ्टवेअरमध्ये हेच करतो. माणूस कुठे अडखळतो ते बघायचं आणि तिथे पिन बसवायची. पण ओपन सोर्सच्या जगात त्याला जागा मिळायला वेळ लागला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये लिनक्स आलं. चांगलं सॉफ्टवेअर प्रोग्रॅमरच्या स्वतःच्या अडचणीतून जन्मतं, असं एरिक रेमंड यांनी १९९७ च्या निबंधात मांडलं. वापरणाराही प्रोग्रॅमरच असेल तोवर हे झकास चालतं. बाकीच्यांना उत्तर ठरलेलं: मॅन्युअल वाच. २००१ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ग्नोम हा डेस्कटॉप सामान्य लोकांच्या हाती देऊन तपासला. लोक अडखळले. २००२ मध्ये ग्नोमने इंटरफेस कसा असावा याची मार्गदर्शिका काढली.

मराठीची अडचण मात्र कोणाची स्वतःची? चाकणहून भीमाशंकरकडे जाताना लागतात त्या ‘दऱ्या’, आणि कोकणात दिसतो तो ‘दर्या’. मराठीत हे दोन वेगळे शब्द आहेत. र, हलन्त, य असं टाइप केलं की पडद्यावर येतो दर्या. दरी हवी असेल तर एक आडवाट माहीत हवी. युनिकोडमध्ये तशा दोन वाटा आहेत: एक नुक्त्याचा ऱ वापरण्याची, दुसरी र आणि हलन्त यांच्यानंतर डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह टाकण्याची. १९९६ च्या २.० आवृत्तीतली ही दुसरी वाट जुना मजकूर बिघडू नये म्हणून पुढेही ठेवली. दोन्हींनी अक्षर सारखंच दिसतं, पण आतले संकेत वेगळे. त्यामुळे एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला, तर साधा सर्च तो चुकवू शकतो. आणि या वाटा माहीत नसलेल्या माणसाला आपण काय म्हणतो? शुद्धलेखनात कच्चा. म्हणजे पुन्हा बाका.

खुलेपणाने इथे मोठी मदत केली. ‘लोहित’ हे फॉन्ट रेड हॅटने खुल्या परवान्याखाली दिले. मूळ फॉन्ट पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचे. २०११ मध्ये ते ओपन फॉन्ट लायसन्सखाली आले. कोणीही ते उघडावेत, सुधारावेत, पुन्हा वाटावेत. मुंबईच्या एक टाइपचे ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे फॉन्टही याच परवान्याखाली आहेत.

पण परवाना दार उघडतो, आत यायला जिना लागतो. तक्रार इंग्रजीत, तांत्रिक शब्दांत लिहावी लागते. कोडची एक ओळ बदलणाऱ्याचं नाव प्रकल्पाच्या इतिहासात कायम राहतं. दहा माणसांशेजारी बसून त्यांची बोटं कुठे थांबतात हे टिपणाऱ्याच्या कामाला तसा रकानाच नसतो. कारखान्यात कायझेनच्या कागदावर सुचवणाऱ्या ऑपरेटरचं नाव लिहितात. त्याला मशीनचं डिझाइन येतं का, हे कोणी विचारत नाही.

मराठीतून ओपन सोर्समध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींनी कोड येत नाही म्हणून दारातून परत फिरू नये. आपल्या आईला फोनवर ‘दऱ्या’ लिहायला सांगा, ती कुठे थांबते ते बघा आणि नोंदवून पाठवा. तेही योगदानच आहे. ते मोजायला लावणं हे पुढचं काम.