मॅक्रो व्हेरिएबलमधील स्पेस (सॅस)

सॅस या विदा-विश्लेषण प्रणालीत मॅक्रो व्हेरिएबलमध्ये किंमत साठवताना तिच्या आगेमागे चिकटणाऱ्या नकोशा स्पेस आणि त्या काढण्याच्या रीती. मॅक्रो व्हेरिएबलला संख्या ठाऊकच नसते. त्यात असतो तो निव्वळ मजकूर. आकड्याचा मजकूर होताना ठरावीक रुंदीचा रकाना लागतो, आकडा त्याच्या उजव्या कडेला बसतो आणि डावीकडची रिकामी जागाही मजकुरात जमा होते. दुखण्याचे मूळ एवढेच.

डेटातून मॅक्रो व्हेरिएबलमध्ये किंमत ठेवणारी कॉल सिमपुट ही आज्ञा हा रकाना १२ रुंदीचा धरते, म्हणून ४८ या आकड्याआधी १० स्पेस येतात. प्रॉक एसक्यूएलमधील ‘इन्टू’ ८ रुंदी धरतो, तिथे ६. अक्षरी व्हेरिएबलचे उलटे : लांबी २० ठरवलेली आणि नाव छोटे, की स्पेस शेपटीला.

औषध चाचण्यांचे तक्ते करणाऱ्याला हा दोष बहुधा रकान्याच्या मथळ्यात भेटतो : ‘(एन=४८)’ऐवजी ‘(एन=      ४८)’. %इफमधली तुलना मात्र बिनबोभाट जुळते, कारण तिथे या स्पेस धरल्याच जात नाहीत. त्यामुळे चूक बराच काळ दडून राहते. तेच व्हेरिएबल डेटासेटच्या नावाला जोडले, ‘रुग्ण_&संख्या’, की नाव ‘रुग्ण_’पाशी तुटते, ४८ सुटा पडतो आणि लॉगमध्ये लाल ओळी उमटतात. संशय आल्यास %पुट [&संख्या]; असे लिहून पाहावे. कंसातली पोकळी लगेच दिसते.

जुना उपाय गमतीचा आहे : %लेट संख्या=&संख्या; स्वतःचीच किंमत स्वतःला देणारी ही ओळ निरर्थक वाटते आणि एखादा नवखा ती खोडूनही टाकतो; पण %लेट कडेच्या स्पेस गाळूनच किंमत घेते. नवव्या आवृत्तीपासून कॉल सिमपुटएक्स हे काम आपणहून करते. ‘इन्टू’साठी ९.३ मध्ये ‘ट्रिम्ड’ आले. त्याआधी एकाच किमतीलाही ‘सेपरेटेड बाय’ लावून वेळ मारून नेत. ‘ट्रिम्ड’ कडा छाटते, रुंदी वाढवत नाही. १२३४५६७८९ हा आकडा ८ घरांत मावत नाही आणि १.२३४६ई८ होऊन येतो. त्याला क्वेरीतच फॉरमॅट द्यावा लागतो.

मधल्या दुहेरी स्पेस %सीएमपीआरईएसने एकेरी होतात. वेबपानावरून उचललेली न तुटणारी स्पेस दिसायला तशीच, पण कडेच्या स्पेस काढणारे स्ट्रिप फंक्शन तिला हात लावत नाही. ती आधी साध्या स्पेसमध्ये बदलून घ्यावी लागते. मॅक्रोत फंक्शन चालवणाऱ्या %सिसफंकमध्ये स्ट्रिप वापरताना किमतीत स्वल्पविराम असला तर एकाचे दोन आर्ग्युमेंट होतात. तिथे %सुपरक्यूचे झाकण लागते. आणि कडेची स्पेस मुद्दाम हवी असेल, तर ती %एसटीआरच्या कंसात ठेवावी, नाहीतर %लेट तीही गाळते.