शरणपूरची मुले

नाशिकमध्ये शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. दुकाने, दवाखाने, कचेऱ्या यांनी तो गजबजलेला असतो. रोज त्या रस्त्याने जाताना 'शरणपूर' हा शब्द आपण घाईघाईने उच्चारतो आणि पुढे सरकतो. पण तिथे शरण आले कोण, आणि कोठून, हे आपण कधी विचारले आहे काय? ख्रिस्ती बांधवांच्या उपवासकाळाच्या निमित्ताने आज तेवढेच सांगायचे आहे.

राखेच्या बुधवारी हा काळ सुरू होतो आणि ईस्टरच्या आदल्या दिवशी संपतो. मधले रविवार सोडले तर बरोबर चाळीस दिवस भरतात. उपवास, प्रार्थना, दानधर्म हे त्याचे बाहेरचे अंग. आतले अंग आत्मपरीक्षणाचे. शेवटी येतो उत्तम शुक्रवार. त्या दिवशी क्रुसावरच्या ख्रिस्ताने देवालाच प्रश्न केला, की तू मला का टाकलेस? त्याला त्या दिवशी आकाशातून उत्तर आल्याचे शुभवर्तमानात कोठेही लिहिलेले नाही. अनुत्तरित प्रश्न असा या धर्माच्या अगदी गाभ्यातच आहे. विठोबाशी कडाकडा भांडणारे तुकोबा ज्यांना ठाऊक आहेत, त्या आपल्याला यात परके वाटण्यासारखे काही नाही.

आता शरणपुराकडे वळू. चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राईस यांनी १८५४ च्या सुमारास नाशिकजवळ ही ख्रिस्ती वस्ती वसवली. त्या काळी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार जोरात होता. इंग्रजी आरमार व्यापाऱ्यांची गलबते पकडी, आणि त्यांत लहान लहान मुले सापडत. कोणाच्या गावावर धाड पडलेली, कोणाचे आईबाप डोळ्यांदेखत गेलेले. परत पाठवायचे तर गाव कोणते, हेच कित्येकांना सांगता येत नसे. अशी मुले मुंबईत उतरवली जात, आणि त्यांतली काही शरणपुराला आली. गोदावरीकाठी ती अक्षरे शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांना इंग्रजी नावे मिळाली. जेकब वेनराईट हा त्यांतलाच एक. जन्माने तो याओ जमातीचा.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन नाशिकला आला आणि शरणपूरची नऊ मुले आपल्या सफरीसाठी घेऊन गेला. ही सगळीच मुले आदर्श निघाली असे मात्र समजू नका. लिव्हिंगस्टनने त्यांच्याविषयी सडकून तक्रारी लिहून ठेवल्या आहेत, आणि काहींनी त्याला वाटेतच सोडले. जेकब गेला मागाहून, १८७२ साली, स्टॅन्लेने पाठवलेल्या मदतीच्या तुकडीबरोबर.

लिव्हिंगस्टनला तेव्हा एका प्रश्नाने पछाडले होते. नाईल नदी उगम पावते कोठे? लुआलाबा नदी म्हणजेच नाईल, अशी त्याची समजूत होती. ती चुकीची होती. लुआलाबा काँगोला मिळते. पण हे त्याला कळायचे नव्हते. १८७३ च्या मे महिन्याच्या पहिल्या पहाटे, चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात, तो बिछान्याशेजारी गुडघे टेकून प्रार्थनेच्या अवस्थेत मरण पावलेला आढळला.

पुढे जे घडले ते त्याच्या आफ्रिकन सोबत्यांनी केले. सुसी आणि चुमा हे त्यांचे म्होरके. त्यांनी ठरवले की साहेबाला त्याच्या देशी पोचवायचे. काळीज तिथेच झाडाखाली पुरले, देह मीठ लावून उन्हात वाळवला. दफनविधी वाचायला पाद्री नव्हता. तो वाचला शरणपूरच्या जेकबने. झाडावर मृताचे नावही त्यानेच कोरले.

इंग्रजी चर्चच्या त्या विधीत दोन जुनी स्तोत्रे आहेत. त्यांतल्या एकात माणूस देवाला विचारतो, की आता मी आशा कशाची धरू? आणि लगेच म्हणतो, की माझी आशा तुझ्यावरच आहे. प्रश्नाचा निकाल लागलेला नाही, दुःख हलके झालेले नाही, तरी भरवसा आहेच. जेकबच्या मनात त्या वेळी काय होते ते मी सांगू शकत नाही. इतिहासाच्या माणसाने तेवढी मर्यादा पाळावी. पण त्याने काय केले ते ठाऊक आहे.

हजार मैलांहून लांब वाट, नऊ महिने. वाटेत कॅमेरॉन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला. देह इथेच पुरा, असा त्याचा सल्ला होता. त्यांनी ऐकले नाही. प्रेत नेताना लोक अडवतील म्हणून ते कापडाच्या गाठोड्यासारखे बांधले, आणि खोटे गाठोडे घेऊन काही माणसे उलट्या दिशेने पाठवली. १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला समुद्रकाठी पोचले. त्या वर्षी राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. म्हणजे तो सारा उपवासकाळ त्या शवपेटीचा प्रवास चालला होता. १८ एप्रिलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले, तेव्हा शवपेटीबरोबरच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

त्याला उत्तर मिळाले काय? आपले गाव का लुटले गेले, आपणच का वाचलो, हे त्याला कोणी सांगितले असेल असे वाटत नाही. १८७५ साली प्राईसने मोंबासाजवळ फ्रेअरटाऊन वसवले, तेव्हा नाशिकला वाढलेले शंभरावर आफ्रिकन तिकडे परतले. जेकब १८९२ साली आफ्रिकेतच वारला. त्याची रोजनिशी मात्र उरली आहे.

वाचकहो, देवावर भरवसा म्हणजे सगळी उत्तरे खिशात असणे, असा आपला एक समज असतो. मग उत्तर मिळाले नाही की भरवसाही गेला, असे आपण मानतो. शरणपूरच्या या मुलाने उत्तराची वाट पाहत हातातले काम थांबवले नाही. समोर एक प्रेत होते, ते योग्य जागी पोचवायचे होते, आणि वाचायला एक प्रार्थना होती. त्याने दोन्ही केले. उद्या शरणपूर रस्त्याने जाल, तेव्हा त्या नावापाशी क्षणभर थांबा.